गळ्याचं माप

घाम सगळ्यांनाच येतो. जळगावच्या उन्हाळ्यात ज्याला घाम येत नाही त्यालाच आधी डॉक्टरकडे न्यावं, असं आमची फुई म्हणायची. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी आली ती कायमची, आणि मग आमच्या घरात तिच्यावाचून पान हलेना. उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो. सकाळी माझ्या मोठ्या बहिणीची, मंगलताईची गोधडी पिळून काढावी इतकी ओली असायची, पण त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आई ती कठड्यावर वाळत टाकायची आणि म्हणायची, "बाई गं, तू झोपतेस का पोहतेस?" पुढे थंडी पडली, आम्ही खाली घरात झोपायला आलो, ट्रंकेतून दुलया निघाल्या, तरी ताईची गोधडी ओलीच. तेव्हाही आईनं ती वाळतच टाकली.

मग खाज सुरू झाली. अंगावर पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज. ताई पोटऱ्या खाजवून खाजवून लाल करायची. फुईनं निदान केलं, पित्त. आंघोळीच्या पाण्यात कडुनिंब, जेवणात कोकम, वांग्याचं भरीत बंद. आता जळगावच्या माणसाला हिवाळ्यात भरीत बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आम्ही सगळे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत हाणत असू आणि ताई मुगाच्या वरणाकडे बघत म्हणायची, "बेबी, माझ्या वाट्याचंही खा, पण असा आवाज करत खाऊ नको." बेबी म्हणजे मी. आज गुडघ्यांना पट्टे बांधून फिरते, नातवंडं आहेत, तरी माहेरच्या गल्लीत मी बेबीच.

आबा सोनार होते. दुकान नव्हतं, ते कारागीर होते. सराफ बाजारातल्या मारवाडी पेढ्यांची कामं घरी यायची आणि पुढच्या खोलीत ऐरण, शेगडी, फुंकणी मांडून आबा दिवसभर बसलेले असायचे. त्यांच्या हातोडीचा टकटक आवाज आणि स्वयंपाकघरातला ठेच्याचा खलबत्ता, या दोन आवाजांत मी वाढले. कधी दोन्ही एकदम थांबले तर मी खेळ टाकून घरात बघायला यायचे, काय झालं म्हणून. आमच्याकडचा केरसुद्धा बाहेर टाकत नसत, त्यात सोन्याचे कण असायचे. तो डब्यात साठायचा आणि केर धुऊन सोनं काढणारा झारेकरी येऊन घेऊन जायचा. अशा घरात मुली वाढल्या की काय होतं, तर काहीही खाली पडलं की आधी वाकून बघायची सवय लागते. मला अजून आहे.

आबा कुणाच्या शब्दावर सोनं घेत नसत. सख्ख्या मेहुण्यानं आणलेली अंगठीसुद्धा आधी काळ्या दगडावर घासायचे, कस बघायचे. मेहुण्याचं तोंड वाकडं झालं की म्हणायचे, "राग नको मानू. दगडाला नातं कळत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की लिहितानाही मला त्यांचा आवाज ऐकू येतो. पुढे जे झालं ते वाचताना वाचणाऱ्यानं हे वाक्य लक्षात ठेवावं.

ताईचं लग्न ठरलं. मुलगा चाळीसगावचा, रेल्वेत नोकरीला, उंच, जरा लाजाळू. ताई बीएच्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्याच्याविषयी विचारलं की म्हणायची, "गाडीसारखाच आहे, उशिरा बोलतो पण बोलतो." आबांनी ठरवलं, पोरीला ठुशी करायची. पेढीची नव्हे, स्वतःच्या हातची. साधारण ठुशीला मागे दोरी असते, ओढली की घट्ट, सोडली की सैल. आबांना ते मान्य नव्हतं. ते म्हणाले, "दोरीची ठुशी कुणाच्याही गळ्याला बसते. मापाची एकाच गळ्याला बसते." तिला मागे फासा ठेवायचा आणि तो बरोब्बर लागायला पाहिजे, म्हणून एका दुपारी जेवणानंतर त्यांनी ताईला पुढ्यात बसवलं आणि दोरा घेऊन तिच्या गळ्याचं माप घेऊ लागले.

दोरा फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. डाव्या बाजूला, कानाखाली, मानेच्या कडेला. त्यांनी दोरा काढला, पुन्हा घातला. मग दोरा बाजूला ठेवून बोटांनी चाचपलं.

"हे काय आहे?"

"कुठं काय?" ताई म्हणाली. मग तिनंही हात लावून पाहिला. बोराएवढी गाठ. टणक, पण दगडासारखी नाही, खोडरबरासारखी. बोटाखाली जरा सरकायची. "दुखत तर नाही," ती म्हणाली, आणि मग तिच्या स्वभावाप्रमाणे हसली. "आबा, एक मणी माझ्याकडे आधीच आहे. बाकीचे तुम्ही घाला."

आबाही हसले. मी हसले. आई आतून विचारत आली काय झालं, तिला सांगितलं, तीही हसली. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे आमच्या घरातलं वैद्यक. आज मी वाटेल त्याला धरून सांगते की बाबांनो, दुखणाऱ्या गाठीला एवढं भिऊ नका, न दुखणाऱ्या गाठीला भ्या. सुना म्हणतात, सासूबाई कुणालाही घाबरवत सुटतात. सुटते. काय करणार.

जळगावच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. गाठ हलली नाही. मग म्हणाले, टीबीची असेल, पण अंदाजानं औषध देत नाही, धुळ्याला एक सर्जन आहेत, त्यांना दाखवा. आबा आणि ताई एसटीनं धुळ्याला गेले. मी हट्ट केला म्हणून मलाही नेलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ताई खिडकीशी बसून गाणी गुणगुणत होती आणि मध्येच पोटऱ्या खाजवत होती. सर्जन मध्यम वयाचे, मोजकं बोलणारे. त्यांनी मान पाहिली, काख पाहिली, पोट दाबून पाहिलं. घाम येतो का विचारलं, वजन उतरलं का विचारलं. आबा म्हणाले, "घाम काय, आमच्याकडे सगळ्यांनाच येतो." डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, "गाठ काढून तपासायला पाठवू. छोटं काम आहे. त्याशिवाय ही कसली आहे ते मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी तुम्ही ऐकू नका." पुढच्या आठवड्यातला दिवसही दिला.

घरी आल्यावर फुई पाटावर बसली होती ती उठलीच. "भाऊ, गाठले सुरी लागनी की ती पिसाळस," ती म्हणाली. तिच्या सासरचा कुणी असाच गेला होता म्हणे, चिरा दिला आणि महिन्यात आटोपला. हे आमच्याकडे घरोघर मानतात, गाठ झोपलेली असते, सुरी लागली की जागी होते. आता मला कळतं की लोक सुरीपर्यंत पोचतात तेच शेवटी, म्हणून सुरीचं नाव होतं. पण तेव्हा हे सांगणारं कोण होतं? आणि फुईनं दुसरा डाव टाकला तो आईच्या वर्मी लागला. "कापेल गळानी पोर कोन पत्करी?" लग्न तोंडावर आलेलं. गळ्यावर टाक्यांचा वळ घेऊन पोरगी बोहल्यावर उभी राहिली की चाळीसगावचे विचारणार, हे काय? आईनं डोळ्यांना पदर लावला.

ताई म्हणाली, "मला काही भीती नाही, काढून टाका." ती एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिच्या म्हणण्याला किंमत नव्हती, कारण गळा तिचा असला तरी लग्न सगळ्यांचं होतं. दोन दिवस आबांची हातोडी चालू राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू दे. आधी फुई म्हणते ते बघू."

फुई म्हणते ते म्हणजे बोदवडच्या बाजूच्या एका खेड्यातला पुडीवाला. त्याच्याकडे गाठी, दमा, सांधे, सगळ्यांवर पांढऱ्या पुड्या मिळायच्या. आई आणि फुई आगगाडीनं जाऊन पुड्यांचं पुडकं घेऊन आल्या. सकाळ-संध्याकाळ मधातून. मला आठवतं, पुडी कडू होती आणि ताई ती घेतल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकायची, एक मलाही द्यायची.

आणि गाठ गेली.

हे मी कितीही वेळा सांगितलं तरी माझं मलाच खरं वाटत नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आठवड्याभरात बोराची ज्वारी झाली, मग हाताला लागेना. खाज थांबली. गोधडी कोरडी निघू लागली. ताईला भूक लागली, कधी नव्हे ती दोन-दोन भाकऱ्या खाऊ लागली. तिचा चेहरा गोल झाला, गाल भरले. गल्लीतल्या बायका येऊन म्हणायच्या, लग्नाचं तेज चढलं पोरीला. फुई तिच्या मानेवरून हात फिरवायची आणि येईल त्याला म्हणायची, "देखा, बठ्ठी गई. आते काही शे का?"

आईनं मांडे करायचं ठरवलं. उन्हाळा लागला होता, बाजारात आंबा आला होता. अंगणात तीन विटांवर खापर उपडं टाकलं, शेजारणी जमल्या, पुरणाचे गोळे झाले. आई मांडा हातांवरच फिरवून फिरवून वाढवायची, कोपरापर्यंत यायचा, इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. आमरसाचं पातेलं भरून निघालं. चाळीसगावचेही सगळे आले होते. जेवणं झाल्यावर आबांनी लाल कागदातली ठुशी काढली. ताईच्या मागे उभे राहून त्यांनी ती गळ्यात घातली, आणि फासा टिक करून लागला. ना सैल, ना घट्ट. आबांनी ठुशीच्या आत करंगळी घालून फिरवून पाहिली, जसं ते प्रत्येक दागिन्याला करायचे, आणि म्हणाले, "बसली." नवरा मुलगा ताईकडे बघत राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मी त्याला चिमटा काढला.

आमच्या घरातला याच्याहून आनंदाचा दिवस मला आठवत नाही. आणि त्या दिवसाची मला अजून चीड येते. वाईट दिवसाला माणूस वाईट म्हणून मोकळा होतो. या दिवसाला काय म्हणायचं? मांडे खरे होते, आमरस खरा होता, हसणं खरं होतं, आणि तिच्या गळ्याच्या आत ते तसंच होतं.

पुड्या संपल्या, आता कशाला म्हणून पुन्हा आणल्या नाहीत. ताईला खोकला सुरू झाला. उन्हातून आली असेल, बर्फाचं पाणी प्यायली असेल. मग जिना चढताना ती मध्ये थांबू लागली. लग्नाच्या साड्यांवर ठुशी घालून बघू म्हणून आईनं एक दिवस ती तिच्या गळ्यात घातली, तर मागे फासा मिळेना. दोन बोटांचं अंतर. आई ओढत राहिली, "श्वास सोड गं, मान खाली घाल जरा." ताई म्हणाली, "आई, ओढू नको. नाही लागणार ती." त्या दिवशी पुढच्या खोलीतली हातोडी थांबली आणि आबा उठून आत आले. दोन्ही बाजूंना होत्या आता. एक नाही, माळच होती. काखेतही होत्या.

पुन्हा धुळे. पुन्हा तेच सर्जन. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाठ काढली, तपासायला पाठवली, छातीचा फोटो काढला. निकाल आला तेव्हा त्यांनी आबांना, आईला आणि मला समोर बसवलं, ताईला बाहेर बसवणार होते, पण ती म्हणाली, "माझंच आहे ना? मग मी बसते." मी त्यांचं बोलणं ऐकलं तेव्हा अर्धं कळलं, उरलेलं कळायला आयुष्य गेलं. ते म्हणाले, रक्ताच्या नळ्या असतात तशी अंगात दुसरी एक बारीक नळ्यांची जाळी असते. तिच्यातून पाण्यासारखा रस फिरतो, त्याला लसिका म्हणतात. त्या वाटेवर मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात गाठी असतात, त्या प्रत्येकालाच असतात. "आपल्या आग्रा रोडवर नाके असतात ना, तसे. आत आलेला रोग तिथं अडवतात. घसा आला की गळ्यात गाठ सुजते, ती त्यामुळं. हिच्यात ते नाक्यावरचे शिपाईच बिघडले आहेत. वाढत सुटले आहेत. हा त्या गाठींचा कॅन्सर."

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात तोपर्यंत कुणी उच्चारलेला नव्हता. आईनं तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"पण पुड्यांनी गेली होती," आबा म्हणाले.

"पुड्यांत स्टेरॉइड असणार. या गाठी त्यानं विरघळतात. रोग नाही विरघळत, तो दडून बसतो. तेवढ्यात तुमचे महिने गेले."

आबांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "तेव्हा तपासली असती तर?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा एका जागी होती. या जातीचा आजार लवकर हाती लागला की पुष्कळ जण बरे होतात. आता छातीत आहे, पोटात आहे. मुंबईला जाऊन या. तिथले डॉक्टर सांगतील ती इंजेक्शनं इथं देऊ. मी नाही म्हणत नाही, पण हो म्हणायला माझ्याकडे काही नाही."

बाहेर आल्यावर बसस्टँडवर उसाच्या रसाच्या गाडीपाशी आबा थांबले. आम्हा तिघींना रस दिला, स्वतः घेतला नाही. आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या सोन्याचा कस लावला. पोरीचा लावू दिला नाही." ताईनं ग्लास खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला. "आबा, असं बोलायचं नाही. लग्न तर माझंच होतं, मलाही हौस होतीच की." ती खोटं बोलत होती. ती दोनदा म्हणाली होती काढून टाका, मी ऐकलं होतं.

इंजेक्शनांचे ते महिने मला सलग आठवत नाहीत. एसटी आठवते, पारोळ्याच्या आधी ताईला हमखास उलटी व्हायची, कंडक्टर ओळखीचा झाला होता आणि न सांगता गाडी कडेला घ्यायला लावायचा. तिचे केस उशीवर पडायचे, आई ते गोळा करून पदरात बांधायची आणि बाहेर टाकायला धजायची नाही. आमच्याकडे केर टाकत नाहीत ना. मधे गाठी थोड्या उतरल्या. पण आता घरात कुणी हसलं नाही, मांडे तर सोडाच. गाठ उतरली की आम्हाला उलट धडकीच भरायची. खरी आशा कशी करायची हे त्या पुड्यांनी आमच्याकडून कायमचं नेलं. चाळीसगावचा तो मुलगा एकदा धुळ्याला दवाखान्यात आला, द्राक्षं घेऊन. तासभर बसला. जाताना ताई म्हणाली, "तुम्ही थांबू नका हं." तो गाडीची वेळ झाली म्हणून निघाला, पण ती गाडीविषयी बोलत नव्हती हे त्याला कळलं असावं, कारण जिन्यात तो रडत होता. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. चांगलं झालं, मला त्याचा राग नाही.

ताई गेली ती घरीच. जळगावला, भर दुपारी, खालच्या खोलीत. शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं, श्वास कोंडायचा, म्हणून ती आईच्या अंगावर रेलून बसलेली असायची. आदल्या दिवशी तिनं भरीत मागितलं. आईनं वांगी भाजली, तिनं जिभेला लावलं आणि म्हणाली, "बेबी, आवाज करत खा. आज चालेल." मी खाल्लं. मला अजून भरताचा घास गिळताना तो दिवस येतो, आणि मी तरीही हिवाळ्यात भरीत करते.

माणूस गेल्यावर तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात. गुरुजी म्हणाले, "सोनं आणा थोडं." सोनाराच्या घरात सोनं मागायला काय लागतं, पुढच्या खोलीत डबीभर कण होते. पण आबा ते पेढीचे म्हणून हात लावेनात. ते कपाटापाशी गेले, लाल कागद उघडला आणि ऐरणीपाशी बसून ठुशीचा एक मणी कातरीनं कापून काढला. काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी तो मणी स्वतःच्या हातानं तिच्या ओठांत ठेवला. एक मणी माझ्याकडे आधीच आहे असं ती म्हणाली होती, ते मला आठवलं, त्यांनाही आठवलं असणार. आबा तिच्या गळ्यावर हात ठेवून बसले ते उठवेपर्यंत.

फुई त्यानंतर दहा-बारा वर्षं जगली. औषधपाण्यावर ती पुन्हा एक शब्द बोलली नाही, कुणी सल्ला विचारला तर उठून गच्चीवर जायची. आई तिला कधी टाकून बोलली नाही, आणि मला वाटतं, बोलली असती तर दोघींनाही बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या एका मुलाला हाच आजार निघाला. मानेत गाठ, न दुखणारी. आठवड्यात तपासणी झाली, औषधं झाली, आता तो मोटारसायकल उडवत कॉलेजला जातो. त्याच्या आईनं मला पेढे आणून दिले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, खूप आनंद झाला म्हणाले, आणि दार लावून घेऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आनंद झाला नव्हता असं नाही. पण बरा होतो हा आजार, डोळ्यांसमोर बरा होतो, हे पाहणं मला सोसत नाही. बरा झाला नसता कधीच, कुणाचाच, तर मी ताईला केव्हाच मनातून सोडलं असतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं विचारलं, "बेबीला गळ्यात काय करायचं?" आबा तोवर थकले होते, पण हात चालत होता. त्यांनी मला पुढ्यात बसवलं, जिथं ताई बसली होती तिथंच. मला वाटलं माप घेतील. दोरा त्यांनी आणलाच नाही. दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांखाली ठेवली आणि हळूहळू खाली आणली, मग मागे, मग पुन्हा कानांखाली. डोळे मिटलेले. किती वेळ ते मला माहीत नाही, माझ्या पायांना मुंग्या आल्या पण मी हलले नाही. मग ते आईला म्हणाले, "हाताला काय हवं ते करतो. गळ्याला काही करणार नाही."

"अहो, सोनाराची मुलगी, लोक काय म्हणतील?"

"गळा मोकळा राहू दे," आबा म्हणाले. "दिसला पाहिजे."